आठवा पाय

कोळ्यांचे फोटो काढणारी बाई म्हणून इंदापुरात मला बरेच जण ओळखतात. आदराने ओळखतात असं नाही. मी इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन उसाच्या बांधावर, डाळिंबाच्या बागेत, नाहीतर कळंबला माहेरच्या रानात कोळी शोधत फिरते. साप धरणाऱ्याला लोक सर्पमित्र म्हणतात, पाखरं बघणाऱ्याला पक्षिमित्र म्हणतात. कोळी बघणाऱ्या बाईला काय म्हणतात ते माझ्या तोंडावर अजून कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर त्यातले निवडक फोटो फ्रेम करून लावलेत. पाठीवर पिल्लांचा ढीग घेऊन ढेकळांतून चाललेली एक कोळीण आहे. शेवंतीच्या फुलात, फुलासारखीच पिवळी होऊन दबा धरून बसलेली एक आहे. आमच्याच खिडकीच्या गजावर बसून कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारा, माशीएवढाच पण टपोऱ्या डोळ्यांचा एक उड्या मारणारा कोळी आहे. यजमानांनी सुरुवातीला नाक मुरडलं, मग त्यांना सवय झाली. आता कुणी आलं तर तेच उठून माहिती सांगतात, अर्धी चुकीची.

वहिनीला मात्र ती भिंत पहिल्यापासून खुपायची. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर वडगाव निंबाळकरचं, राहायला बारामतीत. आमच्याकडे आली की ती त्या भिंतीकडे पाठ करून बसायची आणि चहाच्या कपावर पदर धरायची. फ्रेममधला कोळी काच फोडून तिच्या चहात उडी घेणार होता बहुतेक.

आमच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा वहिनी आदल्या दिवशीच आली आणि तिने घराचा ताबा घेतला. सगळे फोटो उतरवून पलंगाखाली ढकलले. "पाव्हणे काय म्हणतील, वन्सं? ह्या घरात जळमटांची पूजा करतात?" असं तिचं म्हणणं. त्यांच्या जागी तिने बारामतीहून आणलेली अष्टविनायकाची एक तसबीर लावली. पण भिंतीला रंग देऊन बरीच वर्षं झाली होती. फोटो होते तिथे भिंत उजळ राहिलेली आणि बाकीची मळलेली, त्यामुळे तसबिरीच्या आजूबाजूला पांढरे चौकोनच चौकोन दिसायला लागले. पाहुण्यांमधल्या एका बाईंनी पोहे खाता खाता विचारलं, घर सोडून चाललाय का. ते स्थळ जमलं नाही. पुढे मुलीने स्वतःच पुण्यातला मुलगा पसंत केला आणि सगळं नीट झालं, पण त्या मोडलेल्या स्थळाचं खापर वहिनी अजूनही माझ्या कोळ्यांवर फोडते.

तर ही वहिनी. हिचा एका सकाळी फोन आला की बंगला पुरा झालाय, वास्तुशांतीला आदल्या दिवशीच या. "आणि वन्सं, हॉलमध्ये असं काही केलंय ना, की तुम्ही बघतच राहाल."

दादाचं बारामतीत ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. आमच्या भागात ऊस आहे तोवर ठिबकचं दुकान चालतं आणि दादाचं चांगलंच चाललं. भिगवण रस्त्याला त्याने बंगला बांधायला काढला तेव्हा त्याच्या डोक्यात चार खोल्या, पुढे ओटा आणि मागे म्हशीला जागा एवढंच होतं. वहिनीच्या डोक्यात काय होतं ते तिलाही माहीत नव्हतं. ते तिला सांगायला पुण्याहून एक सजावटकार आला. पिकलेली दाढी नीट कातरलेला, सुरकुतलेला सुती कुर्ता मुद्दाम सुरकुतलेला ठेवणारा, चाळिशीचा गृहस्थ. म्हशीची जागा गेली, ओटा गेला. देवघर जिन्याखाली गेलं.

मी पोचले तेव्हा दारात मांडव पडत होता. आत पाऊल टाकलं आणि आधी नाकाला औषधाचा वास झोंबला. हॉलमध्ये पाठीवर पंप घेतलेला एक माणूस कोपऱ्याकोपऱ्यांत फवारत होता. वहिनी तोंडाला रुमाल लावून त्याला जागा दाखवत होती. स्वयंपाकघरात तिला कोळी दिसला होता म्हणे, आणि उद्या एवढी माणसं येणार.

मग मी वर बघितलं. दोन मजल्यांच्या उंचीची ती भिंत काळीभोर रंगवली होती आणि तिच्यावर सगळे कोळी होते. सोनेरी चौकटींत, प्रत्येकावर वेगळा दिवा सोडलेला. काही शाईने काढलेले, काही फोटो, एक पितळेचा, आणि मधे जाळ्याच्या आकाराचा आरसा, ज्यात फवारणाऱ्या माणसाचे तुकडे तुकडे दिसत होते. इकडे खालचे मारायला माणूस लावलेला आणि वर ही आरास. वहिनीला त्यात काहीही वावगं दिसत नव्हतं. रुमाल बाजूला करून ती मला सांगत होती की पुण्यात आता असंच चाललंय, फुलं आणि डोंगर आता कुणी लावत नाही, कोळी म्हणजे चिकाटी, कोळी म्हणजे निर्मिती. ही वाक्यं तिची नव्हती. ती ज्याची होती तो शिडीवर उभा राहून एक दिवा वाकडा करत होता.

मी म्हटलं, छान आहे. पाहुणचार घ्यायला आलेल्या नणंदेने दुसरं काय म्हणायचं.

तेवढ्यात मधली सगळ्यात मोठी फ्रेम मी नीट बघितली. माणसाच्या उंचीची होती. काळ्या पार्श्वभूमीवर एक कोळीण, पोटावर पिवळे-रुपेरी पट्टे, पाय जोडीजोडीने पसरून जाळ्यात फुलीसारखी बसलेली, आणि जाळ्यात पांढऱ्या धाग्याची नागमोडी वीण. आमच्याकडे गणपतीनंतर रानोमाळ दिसते ही. फोटोला सोनेरी झाक मारली होती. कोळीण उलटी टांगली होती, म्हणजे डोकं वर. ही कोळीण जाळ्यात कायम डोकं खाली करून बसते, हे माझ्या अकरावीच्या मुलांनाही ठाऊक असतं. ते बघून मी हसणारच होते. मग मला उजव्या कोपऱ्यात काळ्यावर पांढरे टाके दिसले.

ते टाके माझ्या आईने घातलेले होते.

तो फोटो मी कळंबला काढला होता, आई होती तेव्हा. सकाळी दव पडलेलं होतं आणि बांधाकडेच्या दोन उसांमधे ह्या कोळिणीचं जाळं होतं. पण मागे मोटारीची खोली आणि पाइपांचा ढीग येत होता. दादा तेव्हा अजून शेताकडे बघायचा, तो पाण्याच्या पाळीला आला होता. मी त्याला म्हटलं, छत्री उघडून जाळ्यामागे धर. आमची ती जुनी काळी छत्री एका जागी फाटली होती आणि घरात काळा दोरा नव्हता म्हणून आईने पांढऱ्याने शिवली होती. दादा चिखलात पाय रोवून छत्री धरून उभा राहिला. डास चावत होते तरी हलला नाही. तिथूनच त्याने विचारलं की हिचा एक पाय कुठं गेला. मी सांगितलं, कुणीतरी पाय धरला असेल, तेव्हा पाय तिथंच सोडून ही निसटली असेल. दादा म्हणाला, "शानी हाय." म्हणून तो फोटो मला फार आवडायचा. फुलीच्या तीन टोकांना पायांच्या जोड्या आणि चौथ्या टोकाला एकच पाय. कोळ्यांच्या नादी लागलेल्या लोकांच्या एका गटात मी तो इंटरनेटवर टाकला होता, खाली माझं नाव घालून.

दादाच्या हॉलमधल्या फ्रेममधे नाव नव्हतं. आणि कोळिणीला आठ पाय होते.

मी जवळ जाऊन बघितलं. आठवा पाय शेजारच्या पायाची नक्कल करून चिकटवलेला होता. त्याच्यावरची चमकही तीच, केसही तेच. मी वहिनीला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की हा फोटो माझा आहे. तिला वाटलं मी म्हणतेय की माझ्याकडेही असा एक आहे. ती म्हणाली, हो, पण हा परदेशातल्या कलाकाराचा आहे. मी पुन्हा सांगितलं. मग तिने त्या गृहस्थाला शिडीवरून खाली बोलावलं.

त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अशा माणसांचा शांतपणा मला नेहमीच संशयास्पद वाटतो. मी फोन काढून मूळ फोटो दाखवला. त्याने तो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, वहिनीसमोर धरला आणि म्हणाला, "मॅडम, हा वेगळा आहे ना. पाय मोजा. यांच्या कोळ्याला सात पाय आहेत. आपल्याला आठ आहेत."

वहिनीने मोजले. फोनवरचे मोजले, भिंतीवरचे मोजले, आणि तिचा चेहरा उजळला.

मी टाके दाखवले. तो म्हणाला, ते टेक्स्चर आहे. मी विचारलं, हिचं डोकं वर कसं. तो म्हणाला, उतरती ऊर्जा घरात चांगली नसते. हे सांगताना त्याने हातांनी ऊर्जा वर जाताना दाखवलीसुद्धा. माझी इतक्या वर्षांची शिकवण, रानातली उन्हं, सगळं त्याने दोन बोटांत मोठं करून, लहान करून मला परत दिलं होतं.

तेवढ्यात दादा आत आला. मी म्हटलं, दादा, इकडे ये, बघ. त्याने बघितलं. कोपऱ्यातल्या टाक्यांवर त्याची नजर थांबली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग वहिनीकडे बघितलं, आणि म्हणाला की मांडववाला खांब चुकीच्या ठिकाणी रोवतोय, जाऊन बघायला पाहिजे. गेला.

त्या रात्री मी पुरणाच्या डाळीला बसले. बायका आजूबाजूला बोलत होत्या. मी डाळ वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, पंगती बसायच्या आधी माणसं घर बघायला आत आली. भावकी, कारखान्याचे सभासद, दुकानाची गिऱ्हाइकं, वहिनीच्या भिशीतल्या बायका. तो गृहस्थ घरमालक असल्यासारखा पुढे आणि वहिनी त्याच्या मागे. भिंतीपाशी सगळे थबकले. बायका फोनने फोटो काढायला लागल्या. त्यातल्या दोघी माझ्या घरी येऊन गेलेल्या होत्या आणि माझी भिंत बघून त्यांनी एकमेकींना कोपराने ढोसलं होतं. आता त्याच म्हणत होत्या, किती वेगळं आहे ना.

वहिनीच्या माहेरचे एक म्हातारे तात्या तेवढे धीराचे निघाले. त्यांनी विचारलं, "देवघर जिन्याखाली, आन् हे कोळी भिंतीवर? हे कशापायी?" वहिनीने त्यांना चिकाटी आणि निर्मिती सांगितली. मग बोट वर करून मोठ्याने म्हणाली की हा मधला परदेशातल्या फार मोठ्या कलाकाराचा आहे, सगळ्यांना मिळत नाही.

मला गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "तो फोटो मी काढलाय. कळंबच्या आपल्या रानात."

सगळे माझ्याकडे वळले. वहिनी हसत म्हणाली की वन्सांना कोळ्यांचा नाद आहे, त्यांना सगळे कोळी त्यांचेच वाटतात. लोकही हसले. मी हसले नाही. दादा जिन्यापाशी उभा होता, नव्या टोपीत, गळ्यात उपरणं. मी त्याला विचारलं, "दादा, छत्री तू धरली होतीस. तू सांग."

दादाने आधी फ्रेमकडे बघितलं, मग बायकोकडे, मग जमलेल्या माणसांकडे. ही सगळी माणसं उद्या दुकानात येणार होती.

"लई जुनी गोष्ट हाय," तो म्हणाला. "मला काय आता आठवत न्हाय."

मग तो पंगतीचं बघायला बाहेर गेला. लोकही गेले. पुरणपोळीचा वास सुटला होता आणि त्यापुढे सात पायांचं कुणाला काय.

मी जेवले. न जेवता निघाले असते तर त्याची वेगळी चर्चा झाली असती. पूजेपुरते आलेल्या यजमानांनी गाडी काढली. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले की तुझ्या भावाला त्या बंगल्यात राहायचंय, तुला नाही. बरोबर होतं. पण मला ते समजून घ्यायचं नव्हतं. इतक्या वर्षांत मला वहिनीचं हसू आलं होतं, कीव आली होती, चीड आली होती. दादाचं असं काही वाटायची वेळ आली नव्हती. आता त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला की तोंड कडू व्हायचं. ह्या भीमथडीच्या मुलखात एवढे मोठे शब्द आपण वापरतो, भावकी, इभ्रत, घराणं. आणि चारचौघांत उभा असलेला धडधाकट पुरुष एका छत्रीचं खरं सांगू शकत नाही.

बरेच दिवस गेले. मी फोन केला नाही, त्यानेही केला नाही. मग एका दुपारी मी कॉलेजातून आले तर दारात त्याची गाडी उभी. तो एकटाच आला होता. यजमान बँकेत होते. मी पाणी दिलं, चहा टाकला. तो माझ्या भिंतीसमोर उभा राहून फोटो बघत होता. इतक्यांदा आला होता, पण असा उभा राहून त्याने ते कधी बघितले नव्हते.

चहा झाल्यावर म्हणाला, "बोलायला पायजे हुतं मी."

मी हो म्हटलं. बरं-जाऊ-दे म्हणायची आपल्याकडे रीत आहे, बहिणींनी तर हमखास म्हणायचं असतं. मी म्हटलं नाही. त्याला थोडा वेळ तसंच बसू दिलं.

मग त्याने सांगितलं की त्या गृहस्थाला त्याने दुकानात बोलावून विचारलं होतं. तो काही फार लपवत नव्हता. म्हणाला, कुठंतरी इंटरनेटवर सापडला, चांगला होता, घेतला. एक पाय तुटका होता म्हणून जोडला, गिऱ्हाइकांना मोडकं काही चालत नाही. परदेशी कलाकार हेही त्यानेच सांगितलेलं, कारण गिऱ्हाइकांना जवळचंही काही चालत नाही. दादा म्हणाला, हे सांगताना त्या माणसाला लाजही वाटली नाही. मी म्हटलं, त्याला कशाला वाटेल, त्याचा तो धंदा आहे. दादाने मान खाली घातली. मला तेच हवं होतं.

जाताना त्याने मूळ फोटो मागितला. मी विचारलं, कशाला. तो म्हणाला, ती खोटी उतरवून ही लावणार. माझा विश्वास नव्हता, पण मी दिला. त्याने बारामतीत मंडईजवळच्या दुकानातून साधी लाकडी फ्रेम करून घेतली आणि खरोखरच घरी घेऊन गेला. पुढचं मला त्यानेच फोनवर सांगितलं.

वहिनीने फ्रेम हातात घेतली आणि पाय मोजले. एव्हाना तिला मोजायची सवय लागली होती. मग तिने ती पालथी करून सोफ्यावर ठेवली. वहिनी रागावली की तिची पुण्याची भाषा गळून पडते. "खंडित हाय ही," ती म्हणाली. "खंडित वस्तू घरात लावत न्हाईत. वास्तुशांती झालीया घराची."

म्हणजे तो फोटो माझा आहे हे तिला आता पटलं होतं. नवऱ्याने स्वतः सांगितल्यावर न पटायला काय झालं. पण खऱ्या कोळिणीला पाय कमी, म्हणून ती अशुभ. आणि नकलेला शाबूत आठ, म्हणून ती हॉलमध्ये, दिव्याखाली. त्याच घरात वरच्या झोपायच्या खोलीत उधळलेल्या सात घोड्यांचं चित्र आहे, तिथे मात्र सातच लागतात. ह्यावर कुणी काय बोलावं. दादाने फ्रेम उचलली आणि दुकानात नेऊन लावली.

मी एकदा मुद्दाम बघायला गेले. गल्ल्याच्या मागे, पाइपांच्या गुंडाळ्या आणि खतांच्या कंपन्यांची कॅलेंडरं यांच्यामधे माझी कोळीण लटकत होती, डोकं खाली करून. मी बसले होते तेवढ्यात वालचंदनगरकडचा एक बागायतदार आला. त्याने माल बघितला, मग फोटोकडे बघून दादाला विचारलं की ही कीड उसावर पडली तर कोणतं औषध मारायचं. दादाने सांगितलं की ही कीड नाही, उलट किडी खाते, हिला मारू नका. तो माणूस बरं म्हणाला. दुकानाबाहेर पडून तो समोरच्या औषधाच्या दुकानात शिरला आणि तिथल्या माणसाला हात करून आमच्या भिंतीकडे दाखवायला लागला. दादा म्हणाला की रोज दोघंतिघं तरी विचारतात. आमचे शेतकरी! आठ पायांचं काहीही दिसलं की ह्यांचा हात आधी पंपाकडे जातो. त्यांच्यात आणि वहिनीत मला एवढाच फरक दिसतो की शेतकऱ्यांनी सोनेरी चौकट केलेली नाही.

पण दादा सगळ्यांना सांगतो, हे मला तिथे बसून ऐकायला मिळालं. एकाच गोष्टीचं उत्तर तो न कंटाळता देत होता. माझ्या बहिणीनं काढलाय, असंही शेवटी जोडत होता. मी समोर होते म्हणून जोडत होता का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

वहिनीची आणि माझी गाठ पुढे वडगाव निंबाळकरला पडली, तिच्या भाच्याच्या लग्नात. आम्ही एकाच पंगतीला शेजारी शेजारी आलो. वास्तुशांतीनंतर आम्ही नीट बोललो नव्हतो. तिच्या पलीकडे पुण्याहून आलेली एक बाई बसली होती, वधूकडची. वहिनीने तिची आणि माझी ओळख करून दिली.

"ह्या आमच्या वन्सं. कोळ्यांच्या फोटोंत ह्यांचं मोठं नाव आहे. आमच्या हॉलमध्ये ह्यांचाच आहे ना फोटो. मी तर पहिल्यापासून सांगत होते ह्यांना, सोडू नका, एक दिवस लोक विचारतील."

मी जिलबीचा घास तोंडातच धरून राहिले. तिच्या चेहऱ्यावर काही लबाडी असेल म्हणून बघितलं. नव्हती. तिला ते खरंच तसंच आठवत होतं. पलंगाखाली ढकललेल्या फ्रेमा, चहावर धरलेला पदर, खंडित म्हणून पालथी घातलेली कोळीण, सगळं तिच्या डोक्यातून झाडून निघालं होतं. कोनाडा न कोनाडा स्वच्छ. मला वाटतं त्या क्षणी मला तिचा हेवाच वाटला असेल, पण तिरस्कार त्याहून जास्त वाटला.

ती पुण्याची बाई माझ्याकडे वाकून म्हणाली, "पण तुम्हाला किळस नाही वाटत?"

"कोळ्यांची नाही वाटत," मी म्हटलं.

ती बाई हसली. वहिनीही हसली, कारण ती बाई हसली होती. समोरच्या पंगतीत दादा बसला होता. त्याने ऐकलं होतं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि भाताला मठ्ठा मागितला.

जेवण होत आलं तेव्हा वहिनीने मला हळूच सांगितलं की तो सजावटकार परवा येऊन गेला. आता कोळी मागे पडले म्हणे, पुण्यात सगळीकडे घुबडं चाललीत. दिवाळीच्या आत भिंत बदलायची आहे. "ती मोठी फ्रेम तुम्हाला हवी का, वन्सं? काच चांगली आहे. न्या तुम्ही."

मी म्हटलं, नको, आमच्याकडे भिंतीवर जागा नाही.

जागा होती. मी पान आवरलं, हात धुवायला उठले, आणि मांडवाबाहेर यजमान गाडीपाशी वाट बघत उभे होते तिकडे गेले.